उपासाचा आकडा

बस गं, बस. एका कपावर का कुणी उठतं? आत्ता कुठे अबोल झाला, पहिला. तोना व्हायचाय, मग बरका — तिसरा कप घेतल्याशिवाय या घरातून मी कुणाला जाऊ देत नाही, आवारात कुणालाही विचार. तुम्हा राजधानीतल्या, अदीसच्या पोरींना सगळ्याची घाई. दुकानात जाऊन तरी काय करणार आहेस? मोठा उपास चालू आहे, प्रार्थना आत्ताच सुटलीय, सगळं गोंदर शहर घरी जाऊन दिवसाचा पहिला घास घेतंय, औषध घ्यायला कोण येतंय आत्ता? हसलीस. हसताना बरी दिसतेस, सोस्ना. तुझा तो पांढरा कोट दोरीवर वाळत घातलेला पाहिला ना, तेव्हाच मी म्हटलं, ही नवी भाडेकरीण औषधाच्या दुकानातली दिसते, हिला एकदा कॉफीला बोलवायला हवं. म्हणजे — शेजारधर्म म्हणून हं. दुसरं काही नाही. साखर? साखर नाही गं घरात. चिमूटभर मीठ घाल, माझी आजी तशीच प्यायची. साखर सगळी मी देवळाच्या दारातल्या म्हाताऱ्यांना वाटून टाकली, उपास लागला त्याच दिवशी. डबासुद्धा धुऊन पालथा घातलाय, तो बघ फळीवर. त्याच्या शेजारचं मडकं — फडक्याने तोंड बांधलेलं — त्याला मात्र हात नाही लावायचा. ते गब्रिएल देवदूताचं आहे. सांगते.

फक्त जरा हळू बोलू या. आत हे झोपलेत. हो, बरं नाहीय थोडं. तसं काही विशेष नाही. झोपू दे.

तर मी काय म्हणत होते — माझ्या ओळखीची एक बाई आहे. आमच्या महाबेरातली, दर महिन्याच्या एकोणीस तारखेला आम्ही बाया गब्रिएलाच्या नावाने जमतो ना, त्यातली. तिच्या नवऱ्याला साखरेचा आजार आहे, जुना. गोळी घेतात, फिरायला जातात, कधी जात नाहीत, जसे पुरुष असतात तसे. तर त्या बाईच्या मुलीने परदेशातून एक मशीन पाठवलं. एवढंसं, तळहातावर मावेल. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा — एक पट्टी साखरेची, दुसरी रक्तातल्या चरबीची. कोलेस्टेरॉल आणि त्याची ती भावंडं, सगळी एका पट्टीवर दिसतात. घरच्या घरी. आता साखर आहे म्हटल्यावर चरबीवरही डोळा ठेवायला हवा, एकीने दार उघडलं की दुसरी आत शिरते, असं हिरूत फोनवर म्हणाली — म्हणजे त्या बाईची मुलगी. तिचंही नाव हिरूतच. काय करायचं, घरटी एक हिरूत असतेच.

तू काही बोलू नकोस, आधी ऐक, मग सांग. म्हणजे मी तिला सांगेन. दवाखान्यात शेवटचं बघितलं होतं तेव्हा आकडा बरा होता, साखरेचाही आणि चरबीचाही. डॉक्टरांनी पाठ थोपटली होती ह्यांची — त्यांची. मग उपास लागता लागता मशीन आलं. आणि तेव्हापासून आकडा नुसता वर. आता मला सांग, मोठ्या उपासात आमच्याकडे लोणी येत नाही, दूध नाही, अंडं नाही, मांसाचा तर वाससुद्धा नाही. कढई वेगळी, पळी वेगळी. शेजारच्या मुसलमान बाईने प्रेमाने तुपातलं काही दिलं तरी मी हात जोडते, म्हणते ईस्टर झाल्यावर आण बाई, दोन ताटं आण. मग रक्तात चरबी येते कुठून? हवेतून? सांग ना. खाटीक दुकान बंद करून गावाला गेलाय, कोंबड्या मजेत फिरताहेत अंगणात, आणि माझ्या माणसाच्या रक्तात चरबी वाढतेय. मला रात्री डोळ्याला डोळा नाही. मी देवाला म्हटलं, आम्ही ताट वाढून वर पाठवतो आणि तू ते न शिवता परत पाठवतोयस का? काय चुकलं? कुणाचं चुकलं?

दे तो कप. तोना ओतते. ह्या कॉफीच्या जेबेनाची चोच जरा टवकलीय, चटईवर सांडायची सवय आहे तिला, पण बदलवत नाही मला. माझ्या लग्नातली आहे.

आणि भीती अशी की, बघ, ह्या आजाराने माणूस कसा जातो ते मी पाहिलंय. माझा धाकटा दीर कासा, इथेच बसला होता, तू बसलीस तिथेच. दोन कप झाले आणि उठला. म्हणाला, वहिनी, माणसं थांबलीयत, बरका उद्या घेईन. मी म्हटलं, आशीर्वादाचा कप असा टाकून जाऊ नये रे. म्हणाला, तुझा आशीर्वाद काय कपात आहे? हसत गेला. फाटकापर्यंत. कडी हातात होती, तशीच राहिली. आधी वाटलं, कडी काढतोय. डॉक्टर म्हणाले, साखरेबरोबर चरबी असली की काळीज असाच दगा देतं, आवाज न करता. मी विचारलं, तिसरा कप घेतला असता तर? वेडीकडे बघावं तसं बघितलं माझ्याकडे. असेन वेडी. पण तेव्हापासून कुणाला उठू देत नाही मी.

काय? हो, माझाच दीर. माझाच म्हटलं का मी? — जाऊ दे गं. मला खोटं नीट बोलता येत नाही, तेही उपासाच्या दिवसांत. बाई-बिई कुणी नाही. आत झोपलेत ना, त्यांचंच सगळं. ह्यांना आवडत नाही कुणाला सांगितलेलं. म्हणतात, अगं अस्नाकेच, माझं रक्त काय बाजारातला भाव आहे, ज्याला त्याला सांगत सुटायला? म्हणून मी नाही सांगत. मी फक्त मोजते. मोजते आणि हसऱ्या तोंडाने सांगते, आज बरा आहे हं आकडा. आणि मागच्या दारी जाऊन पदराने तोंड दाबते. त्यांच्याच भावासारखं झालं तर? ह्या बाईने काय करायचं एवढ्या घरात? हिरूतला सांगत नाही, ती तिकडे रडेल, विमानाचं बोलेल. आमच्या अब्बांना सांगितलं, आत्म्याचे बाबा आहेत आमचे, पापं ऐकतात तसं हेही ऐकलं त्यांनी. म्हणाले, आजाऱ्याला वेळेचं बंधन नाही, तुझ्या देमिसेला सकाळी खाऊ दे, फक्त उपासाचं खाऊ दे. आणि त्याचे उरलेले तास तू धर, तुझ्यात बळ आहे. मी धरले. दोघांचे तास धरते मी, दुपार कलेपर्यंत पाण्याचा घोट नाही. आणि नवस बोलले.

ते मडकं. पांढरा मध आहे आत, डोंगरातला, माझ्या भावाने आणून दिलाय. मी गब्रिएलाला म्हटलं, आगीच्या भट्टीतून तू तीन पोरांना केसही न करपता बाहेर काढलंस, माझा एक म्हातारा काढ. आकडा उतरला की हे मडकं तुझ्या सणाला, गाभाऱ्याच्या पायरीवर, फडकं न सोडता. नवस पावल्यावर फेडायचा असतो, कळतं मला. पण मी आधीच आणून ठेवला, म्हणजे त्याला वर शंका नको, ही बाई नुसती बोलणारी आहे का म्हणून. ह्यांचा मधावर फार जीव. येता-जाता मडक्याकडे बघतात. म्हणतात, तुझ्या देवदूताला दात तरी आहेत का? माझे आहेत अजून. मी म्हणते, तुमच्या दातांमुळेच ही वेळ आलीय. मग म्हणतात, मरायचंच असेल तर ईस्टरची कोंबडी खाऊन मरेन, बाराच्या बारा तुकडे, तुला एक पंख ठेवेन. असं बोलतात. त्यांना वाटतं मी हसते.

काय विचारलंस? — मोजायच्या आधी काय खाल्लं? फिरफिर. काल रात्रीची इंजेरा-भाकरी कुस्करून, लाल तिखट घालून, तेलात चांगली परतून. तेल उपासाचंच, बियांचं. मग डाळीचं थोडं. भाजलेले दाणे. सगळं उपासाचं. आज तर ताट पुसून खाल्लं. मग मोजलं. का म्हणजे काय? रिकाम्या पोटी माणसाचं रक्त काढतं का कुणी? चक्कर नाही का येणार? आधी पोटभर घालते, हात धुवायला लावते, मग बोट धरते. आणि हिरूतनेच सांगितलंय की, पुन्हा पुन्हा सांगितलंय, आई, उपासाचं मोजायचं हं, उपासात असतील तेव्हाच. म्हटलं, हे तर सोपं झालं, आता तर रोजच उपास.

अशी काय बघतेस?

काहीच नाही? म्हणजे — उपासाचंसुद्धा नाही? डाळ नाही, भाकरी नाही, रात्रभर काही नाही, फक्त पाणी? अगं मग त्याला आम्ही उपास नाही म्हणत, त्याला भूक म्हणतो. उपाशीपोटी म्हणायचं होतं तिने. रिकाम्या पोटी म्हणायचं होतं. तिकडे जाऊन पोरगी काय काय विसरली, देवा. उपास वेगळा, उपाशी वेगळं, हे दूध पिणाऱ्या लेकरालाही कळतं. थांब — दवाखान्यात त्या दिवशी आम्हाला पहाटे बोलावलं होतं, चहासुद्धा घेऊ दिला नव्हता. मला वाटलं, रांग मोठी असते म्हणून. म्हणजे ते ह्यासाठी होतं?

म्हणजे हे सगळे आकडे — जेवणाचे? फिरफिरचे? तेल आणि डाळ बोलत होती मशीनमध्ये, आजार नव्हता? थोडाफार असेल, हो, ते कळतंय मला, कोलेस्टेरॉल एका जेवणाने एवढं हलत नाही म्हणतेस, पण ती दुसरी चरबी हलते, आणि साखर तर हलतेच. पहाटे नीट मोजू, तू ये, तू मोज. पण चढत नव्हतं, हो ना? देवाने ताट परत नाही पाठवलं. थांब, डोळे पुसू दे. तू हस गं खुशाल, मीही हसतेय. एवढ्याशा शब्दापायी मी — आणि त्या बिचाऱ्याला उगाच आज —

काही नाही. उगाच आज जास्त गोळ्या दिल्या, एवढंच.

साखरेच्या. ह्यांच्याच आहेत, डॉक्टरांनीच दिलेल्या, दुसऱ्या कुणाच्या नाहीत. एक घ्यायची असते सकाळी. आज आकडा असा आला ना, आजवरचा सगळ्यात मोठा. मला तो कासाचा हातच दिसायला लागला कडीवरचा. म्हटलं, दवाखान्याची तारीख ईस्टरनंतरची, तोवर थांबायचं कसं? एक दिली होती, आणखी एक दिली. मग दुपारच्या आत आणखी दोन. सांगितलं, डॉक्टरांनी वाढवल्यात. आणि म्हटलं आज पुढे जेवण नको, अंगातलीच चरबी जळू दे, आज माझ्यासारखा खरा उपास करा. भांडले माझ्याशी. कधी भांडत नाहीत असे. हात थरथरत होते रागाने. कपबशी सोडली हातातून. मग काहीतरी भलतंच बोलायला लागले, मला त्यांच्या आईच्या नावाने हाक मारली, म्हणाले, आई, गुरं आत घे. मला वाटलं, कुणाची नजर लागली. तीर्थ शिंपडलं, गब्रिएलाच्या झऱ्याचं. मग शांत झाले. आडवे झाले. घाम आला खूप, उशी भिजली, म्हटलं चला, ताप असेल तो उतरतोय, झोप लागली —

कुठे चाललीस? सोस्ना, बस, दोनच कप झालेत, उठू नको, पोरी, माझं ऐक, दोन कपांवर उठू नको —

तो पडदा. उजवीकडे. देवा. हो, चालू आहे ना गं श्वास? घोरताहेत, बघ, घोरताहेत. मी म्हटलं होतं ना झोपलेत म्हणून. हलवते. अहो. अहो, शेजारची सोस्ना आलीय भेटायला. हात गार का आहेत एवढे? डोळे उघडले. उघडले बघ, पण माझ्याकडे बघत का नाहीत? — साखर? साखर नाहीय गं. सांगितलं ना मी तुला, वाटून टाकली सगळी, डबा धुतला, गोड म्हणून काही ठेवलं नाही घरात, खजूर नाही, काही नाही, मीच हाकललं सगळं. वरच्या बिऱ्हाडातून आणते. ते तर देवळातून परतले नाहीत अजून. तुझ्या खोलीत? तिथेही नाही? अगं दुकानापर्यंत —

मध.

नाही, तो — तो बोललेला आहे. तो त्याचा आहे.

हो. हो, आणते. सरक.

गाठ सुटत नाही, मीच मारलीय ही गाठ, देवा, एवढी घट्ट कशाला मारली मी? दातांनी. सुटली. गब्रिएल, बघतोयस ना, मी चोरत नाहीय, तुझ्यासमोर घेतेय. तू भट्टीत उतरलास तेव्हा कुणाला विचारलं होतंस? — सांग, कसा देऊ? एकदम नाही. बोटावर. बसतं करू? धर तू मागून. आधी गिळतात का बघू. जरासा. गालाच्या आत, हिरडीला. देमिसे. देमिसे, ऐक ना रे. आ कर. मी आहे. आई नाही रे, मी आहे, अस्नाकेच. चाट. मध आहे, तुझा तो मध. गिळला? गिळला, सोस्ना, घसा हलला. आणखी? थोडाच, बरं, थोडाच. दाढीत गेला सगळा. जाऊ दे. देमिसे, तू कडी धरू नकोस रे कुठली. माझा हात धर. मी आत्तापर्यंत कधी तुला एकेरीत हाक मारली नाही, आता मारतेय, ऊठ आणि ओरड माझ्यावर. मला ओरड. आणखी एक बोट. घे.

तू का थांबलीस? — वाट बघायची? बघते. बघतेच आहे.

हात गरम होतोय का, का मलाच वाटतंय?

काय म्हणालात? ऐकलंस तू? सोस्ना, ऐकलंस, काय म्हणाले? अहो, पुन्हा बोला. — म्हणताहेत, दाढी का चिकट झाली. म्हणताहेत, ही पोरगी कोण, आणि मध उपासाला चालतो का. चालतो, हो, आज चालतो, आज माझ्याशी वाद घालू नका, महाबेरातल्या बायांशी घाला. देवदूताने पाठवलाय. त्याला दात नाहीत, तुम्हाला आहेत. खा. ही सोस्ना, समोरच्या खोलीतली, हिच्या दुकानात तुमच्यासारखे शंभर येतात रोज. रडत नाहीय मी. धूर गेला डोळ्यांत, कॉफीचा.

हो गं, ऐकतेय. दवाखान्यात आत्ताच न्यायचं? आता तर बोलायला लागलेत. पुन्हा उतरेल? एवढ्या मधावरही? त्या गोळ्या अजून पोटात आहेत, हो — अजून काम करताहेत म्हणतेस, रात्रीसुद्धा करतील. म्हणजे अजून संपलं नाही. नाही, तू सांगितलंस ते बरं केलंस, लपवू नकोस, मी लपवलं त्याचं काय झालं बघितलंस ना. भाकरी देते हातात, वाटेत खातील. मडकं बरोबर घेते. गोळ्यांचं पाकीटही घेते, किती दिल्या ते डॉक्टरांना मीच सांगेन, माझ्या तोंडाने. आणि हिरूतला आज फोन करेन. तू फाटकावर जाऊन बजाज रिक्षा थांबव, पोरी, जी दिसेल ती, म्हणावं म्हातारा माणूस आहे, हळू चालव. अहो, पाय खाली घ्या. माझ्या खांद्यावर हात टाका. सगळा भार टाका, मी मोडत नाही.

काय? शेगडीवर? — हो, बरका उकळतोय. उतू जातोय बहुतेक, वास येतोय.

राहू दे. आज मीच उठले.